आर-डी१ की आर-डी१एस? मेनूवर जाऊ नका

म्हापशात विकायला असलेल्या जुन्या एप्सन डिजिटल रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या मेनूत रॉ (कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपेग एकत्र घेण्याची सोय दिसते, म्हणून तो साधा आर-डी१ नसून आर-डी१एस मॉडेल आहे, असं एकाने म्हटलंय. तेवढ्यावरून ठरत नाही, भाऊ. २००४ च्या मूळ आर-डी१ला नवं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकलं की तो जवळपास २००६ च्या आर-डी१एससारखाच वागतो. सेन्सर दोन्हींत तोच, ६.१ मेगापिक्सेलचा. म्हणजे बॉडीवर छापलेलं नाव बघायचं. विकणारा जास्तीचे पैसे मागत असेल तर तो फरक कागदापुरताच समजा. २००९ चा आर-डी१एक्स मात्र लगेच कळतो: मागचा स्क्रीन उलटवून झाकता येत नाही, शिवाय एसडीएचसी म्हणजे जास्त क्षमतेचं मेमरी कार्ड चालतं.

माझ्या मते मॉडेलपेक्षा रेंजफाइंडर, म्हणजे दोन प्रतिमा जुळवून फोकस करायची यंत्रणा, तपासणं महत्त्वाचं. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर उभं राहून, लेन्सचा फोकस अनंतावर (सगळ्यात लांबच्या अंतरावर) ठेवून समोरचा आग्वादचा दीपस्तंभ बघा. दोन प्रतिमा वर-खाली सरकलेल्या दिसल्या तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. आणि आपल्याकडचा पावसाळा! व्ह्यूफाइंडरमध्ये टॉर्च मारून बुरशी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.