घरच्या कॉफीसाठी बिया दळणारे यंत्र की पॉडचे? कोकणच्या दमट हवेच्या दृष्टीने मते हवीत

आगरवासी (धागाकर्ता) :
निवृत्तीनंतर आम्ही दोघे गुहागरजवळच्या मूळ गावी राहायला आलो आहोत. मुलगा कॉफीचे यंत्र घेऊन देणार आहे आणि त्याने दोन पर्याय सुचवले आहेत. एक, ऐन वेळी बिया दळून थेट पेल्यात कॉफी देणारे बीन-टू-कप. दुसरे, सीलबंद पॉड (कॉफीपूड भरलेली छोटी डबी) घालून कळ दाबायचे. आम्हाला दिवसाला चार कप लागतात, मात्र वर्षातले तीन महिने आम्ही मुलांकडे असतो आणि घर बंद राहते. माझा कल पॉडकडे आहे. जून ते सप्टेंबर या काळात आमच्याकडे मिठाला पाणी सुटते आणि पापड वातड होतात. अशा हवेत भाजलेल्या बिया यंत्राच्या डब्यात भरून ठेवणे मला धाडसाचे वाटते.

खाडीकाठ :
हवेचा मुद्दा खरा असला तरी निष्कर्ष पटला नाही. बियांचा डबा काठोकाठ भरलाच पाहिजे, असा कोणताही दंडक नाही. रोज सकाळी चाळीस ग्रॅम घालाव्यात आणि उरलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवाव्यात. पॉडमधील पूड हवाबंद असते, पण ती दळून किती महिने झाले याचाही विचार व्हावा. शिवाय खर्च पाहा. एस्प्रेसोच्या लहान पॉडमध्ये साधारण साडेपाच ग्रॅम कॉफी असते, म्हणजे एका किलोचे सुमारे १८० पॉड होतात. पॉड पन्नास रुपयांना धरला, तर आपण कॉफी नऊ हजार रुपये किलोने विकत घेत आहोत. चिकमगळूरच्या उत्तम बियांनाही एवढा भाव कोणी मागत नाही.

जांभादगड :
खाडीकाठ यांचा हिशेब बिनचूक आहे, पण तो रोज वापरात असलेल्या यंत्राचा आहे. माझ्याकडे बीन-टू-कप आहे. गणपती आटोपल्यावर आम्ही मुंबईला परतलो आणि चोथ्याचा डबा रिकामा करायचे राहून गेले. दिवाळीत दार उघडले तेव्हा डब्यातच नव्हे, तर आतल्या ब्रू युनिटवरही (पुडीतून गरम पाणी जाऊन कॉफी उतरते त्या भागावरही) हिरवट बुरशीची साय धरली होती. दोष यंत्राचा नव्हता, माझाच होता. पण पॉडच्या यंत्राने एवढ्या चुकीची इतकी शिक्षा दिली नसती, कारण वापरलेले पॉड आणि टाकीतले पाणी काढले की त्यात ओले राहण्यासारखे फारसे काही उरत नाही. दुरुस्तीचाही विचार करावा. नऊ-दहा किलोचे धूड एस.टी.ने शहरात नेणे साठीनंतर कोणाला जमणार?

दर्यावारा :
दमट हवेला एवढे घाबरण्याचे कारण नाही. मॉन्सून्ड मलबार ही नामांकित कॉफी पश्चिम किनाऱ्यावरच्या पावसाळी वाऱ्यातच तयार होते. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाणाऱ्या बिया महिनोन्‌महिने समुद्राची हवा खाऊन फुगत आणि त्यांना वेगळीच चव येई. पुढे प्रवास लवकर होऊ लागल्यावर ती चव हरवली, म्हणून तोच परिणाम मुद्दाम साधला जाऊ लागला.

खाडीकाठ :
दर्यावारा, आपण माझ्याच बाजूचे दिसता, तरीही हा दाखला इथे लागू होत नाही. तो वारा खातात त्या कच्च्या, न भाजलेल्या बिया. भाजल्यावर बी सच्छिद्र होते, ओलावा शोषते आणि तिचा सुवास उडून जातो. म्हणूनच मी बरणीचा आग्रह धरतो. जांभादगड यांच्या अनुभवावर एक उपाय आहे : ब्रू युनिट सुटे निघेल असेच यंत्र घ्यावे. डेलॉन्गी आणि फिलिप्सच्या यंत्रांत ते हाताने काढून नळाखाली धुता येते. युराच्या यंत्रांत ते आतच बसवलेले असते आणि गोळ्या घालून स्वच्छ करावे लागते. आपल्या हवेत पहिला प्रकार बरा, कारण तो भाग काढून वाळवताही येतो.

माजघर :
पॉडच्या बाजूने बोलणाऱ्यांनी पॉड कोणता, हे सांगितलेच नाही. नेस्प्रेसो या पॉडच्या ब्रँडची विक्री १९८६ मध्ये सुरू झाली. तिच्या मूळ प्रकाराच्या पॉडवरील महत्त्वाच्या पेटंटांची मुदत संपल्यामुळे तसे पॉड आता इतर कंपन्याही बनवतात. तिच्याच व्हर्चुओ या दुसऱ्या प्रकारात मात्र पॉडच्या कडेवर बारकोड असतो आणि तो वाचूनच यंत्र चालते. पावसात घाट बंद पडून कुरिअर आठवडाभर अडकते तिथे एकाच प्रकारच्या पॉडवर विसंबणे मला परवडणार नाही. कचऱ्याचेही तेच. बीन-टू-कपमधला चोथा माडाच्या आळ्यात जातो. पॉड कापून, चोथा काढून, ॲल्युमिनियम धुऊन भंगारवाल्यासाठी साठवण्याचा उत्साह पहिल्या महिन्यानंतर टिकतो का, ते पॉडवाल्यांनीच सांगावे. वीज गेली की मात्र दोन्ही यंत्रे सारखीच निरुपयोगी, कारण हजार-दीड हजार वॅटचा भार घरगुती इन्व्हर्टर सहसा पेलत नाही. त्या वेळी गॅसवर दूध उकळून वर परसातले जायफळ किसावे. (ते बियांबरोबर ग्राइंडरमध्ये टाकू नये, आमच्याकडे महिनाभर प्रत्येक कप श्रीखंडासारखा लागत होता.)

जांभादगड :
पॉड साठवण्याचा उत्साह टिकत नाही, हे मान्य. बाकी मत कायम.

आगरवासी :
नऊ महिने, रोज चार, म्हणजे सुमारे अकराशे कप. पॉडने पंचावन्न हजार रुपये. बियांनी, कपाला नऊ ग्रॅम आणि किलोला बाराशे रुपये धरले, तर बारा हजारांच्या आत. एवढी तफावत असेल असे वाटले नव्हते, त्यामुळे सुटे ब्रू युनिट असलेले बीन-टू-कप घ्यावे असे ठरत आहे. पत्नी अजूनही पॉडच्याच बाजूची आहे, कारण चोथा रोज कोण काढणार, हा तिचा प्रश्न आहे. ते काम तूर्त माझ्या नावावर लागले आहे. एक शंका उरते : घर बंद करताना ग्राइंडरमध्ये अडकलेल्या पुडीचे काय करावे?

खाडीकाठ :
निघण्याच्या दिवशी डब्यात नव्या बिया घालू नका आणि यंत्र बिया संपल्याची खूण दाखवीपर्यंत कॉफी काढत राहा. नंतर वीज बंद करून डब्याच्या तळाशी कोरडा ब्रश फिरवा. तिथे पाणी अजिबात लावू नका. टाकी, ट्रे आणि ब्रू युनिट बाहेर काढून धुवा, पुसा आणि पूर्ण वाळल्यावर यंत्रात परत न बसवता कपाटात वेगळे ठेवा.