कोर्लई-रेवदंडा: एक रात्र मुक्काम, गाडी नाही, सोबत आई

परळची_पोर:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात शनिवारी निघून रविवारी रात्री परत, असा बेत आहे. वसईचा किल्ला बघून आल्यापासून लेकीच्या डोक्यात पोर्तुगीज शिरलेत. कोर्लईत अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात असं तिनं कुठंतरी वाचलं, झालं, आता तिथंच जायचं म्हणते. आईचं वय ६८, गुडघे कुरकुरतात, पण घरी थांबायला तयार नाही. लाँच बरी की एसटी? अलिबागला राहून करावं का? किल्ला आईला झेपेल?

चौलचा_जावई:
ताई, अलिबागला राहू नका. शनिवारी निम्मी मुंबई तिथं उतरलेली असते. रेवदंड्यात नाहीतर चौलात वाडीतली घरगुती खोली घ्या आणि जेवणाचं आधी फोनवर सांगून ठेवा. आयत्या वेळी पोचलात तर आमच्या सासूबाईंसारखी अगत्यशील माणसंसुद्धा कपाळाला आठ्या घालतात.

गेटवेहून मांडव्याची लाँच धरा, तिकिटातच अलिबागपर्यंतची बस येते. पुढं स्टँडवरून मुरूडकडे जाणारी एसटी. रेवदंडा साधारण १७ किलोमीटर. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुटते, पण तिचा खरा फायदा गाडीवाल्यांना.

शनिवार रेवदंड्याला द्या. इथं गावच किल्ल्यात आहे. तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या, माणसं राहती, धुणी वाळत घातलेली, आणि मधेच विहिरीपलीकडं एखाद्या चर्चची उघडी भिंत. सातखणी मनोरा बघा, नावात सात असले तरी आता तेवढे मजले उरलेले नाहीत. सगळं सपाटीवर, आई आरामात फिरतील.

कोर्लई रविवारी, आणि सकाळी लवकर. कुंडलिकेचा पूल ओलांडला की आलंच. किल्ला समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर आहे, गाव त्याच्या पायथ्याशी. १५९४ मध्ये निजामशाहीनं ही सोंड बळकवून तट घालायला घेतला, म्हणजे खाडीच्या तोंडावरून समोर रेवदंड्यात बसलेल्या पोर्तुगीजांचा गळा आवळता येईल. पोर्तुगीजांनी त्याच वर्षी तो हिसकावला. दीपगृहाशेजारून पायऱ्या आहेत, सावली मात्र औषधालाही नाही. वर गेल्यावर किल्ला इतका अरुंद, की मधे उभं राहून मान वळवली तर दोन्हीकडं पाणी. आडव्या भिंती घालून त्याचे कप्पे पाडलेत, एक पडला तरी पुढचा लढवता यावा म्हणून. लेकीला हे नक्की दाखवा. आईंना खाली दीपगृहापाशी बसवा.

कुलाबा_जिल्हावाला:
जावईबापूंशी सहमत. फक्त परतीचं बघा. रविवारी संध्याकाळी मांडव्याला ही रांग लागते, शेवटच्या लाँचवर विसंबू नका. एसटीनं यायचं ठरवलंत तर वडखळ नाक्याला किती वेळ जाईल ते देवाला ठाऊक. आणि डिसेंबर म्हणजे पोपटी! वालाच्या शेंगा, बटाटे, वांगी मडक्यात, भांबुर्डीचा पाला वर-खाली कोंबलेला, मडकं उपडं घालून भोवती जाळ. खोलीवाल्याला आदल्या दिवशी सांगा, ऐनवेळी पाला मिळत नाही.

परळची_पोर:
धन्यवाद! लेकीला शाळेच्या प्रकल्पासाठी ती बोली रेकॉर्ड करायची आहे. कुणाला विचारावं?

चौलचा_जावई:
फोन पुढं धरून "काहीतरी बोलून दाखवा" असं कुणाला म्हणू नका, हात जोडून विनंती. तिथं येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो, आणि ते लोक काही प्रदर्शनातले नव्हेत. १७४० मध्ये चौल-कोर्लई मराठ्यांकडं आलं, फौज आणि अंमलदार गेले, इथले ख्रिस्ती शेतकरी मात्र जागेवरच राहिले. पोर्तुगालशी संबंध तुटला, लग्नं आपापसात, म्हणून बोली टिकली. आसपास सगळी मराठी, तर तिच्यात मराठीही चिकार मुरली. बोलणारे आता हजाराच्या आतबाहेर.

त्यापेक्षा माउंट कार्मेल चर्च सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहा. मी असाच एकदा रेंगाळलो होतो. एक आजी नातवाला त्या बोलीत दामटत होत्या, बहुधा चपलांवरून. मला एक अक्षर कळलं नाही, पण त्या पोरानं निमूट चपला घातल्या. मग माझ्याकडं वळून चक्क आमच्या अष्टागरी मराठीत, "कोणाकडं आलाव?" तिथून गप्पा निघाल्या. पोरीला आधी अशा गप्पा मारू द्या. ओळख झाल्यावर परवानगी मागितली तर कुणी नाही म्हणणार नाही, आणि म्हणालंच तर प्रकल्पात तेवढंच लिहावं.

कुलाबा_जिल्हावाला:
आणि पोपटीत कोंबडी घालायची की नाही, तेही आधी कळवा. मसाला लावून मुरवायला ठेवावी लागते.

परळची_पोर:
घालायची. शनिवार आहे म्हणून आई कुरकुरेल, पण वास सुटला की बघू.