ईनोने बरं वाटलं म्हणजे ॲसिडिटीच, असं नाही

'ईनो घेतलं, ढेकर आली, बरं वाटलं, म्हणजे गॅसच' हे मत धोक्याचं आहे. हार्ट ॲटॅकची कळसुद्धा मध्येच ओसरते आणि परत येते. तेवढ्यात ईनो घेतलेलं असलं की फसगत होते. हृदयाच्या खालच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटला तर दुखणं बेंबीच्या वरच जाणवू शकतं, सोबत मळमळ, उलटी.

ॲसिडिटीची जळजळ बहुधा जेवणानंतर, वाकल्यावर किंवा आडवं झाल्यावर वाढते, घशाशी आंबट येतं. दादरचा पूल चढताना छाती आवळते आणि थांबल्यावर सैल पडते, असं होत असेल तर दुखणं हृदयाचं समजा आणि लगेच तपासून घ्या. थंड घाम, दम, जबड्यात किंवा हातात कळ ही लक्षणं तर ठळकच. मधुमेही, वयस्क आणि बायकांमध्ये मात्र कधी नुसता थकवा आणि दम एवढंच असतं.

बसल्या जागी दुखणं पाच मिनिटांत थांबलं नाही तर 108 ला फोन. स्वतः गाडी चालवू नका, लोकल पकडू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ॲस्पिरिनचीच 300 मिलिग्रॅमची गोळी चावून खावी. अख्खी गिळली तर असर उशिरा होतो. शेजाऱ्यांकडची सॉर्बिट्रेट (जिभेखाली ठेवायची, रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) नको, बीपी एकदम कोसळू शकतं.

आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी परतू नका. तो पुन्हा काढायला आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) काही तासांनी परत तपासायला सांगा.