अणूला कसली आलीय हौस!
नेहमी सांगितलं जातं की अष्टक (बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण व्हावं ‘म्हणून’ अधातूंचे अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात. शाळेत मीही तेच घोकलं. पण अणूला काही हवं-नको नसतं. हायड्रोजनचे दोन अणू जवळ आणा. प्रत्येकाचा इलेक्ट्रॉन आता दोन्ही केंद्रकांकडे ओढला जातो आणि ऊर्जा घटत जाते. केंद्रकांमधलं अंतर ७४ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग) झालं की ती सगळ्यात कमी. आणखी रेटलं तर केंद्रकंच एकमेकांना ढकलतात. हा सहसंयुज बंध, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेऊन जुळलेला बंध, तोडायला मोलमागे (सुमारे ६ × १०²³ रेणूंमागे) ४३६ किलोज्यूल मोजावे लागतात.

अष्टक हा नुसता आडाखा, तोही फसतो. नायट्रिक ऑक्साइडमध्ये एक इलेक्ट्रॉन चक्क एकटाच उरतो. (परीक्षेत मात्र अष्टकच लिहा, मार्क त्यालाच आहेत.)