लोन फिटलं, पण समाधान चार दिवससुद्धा टिकलं नाही

वाकडवाला:
गेल्या महिन्यात होम लोन फिटलं. १४ वर्षं ईएमआय भरला, बँकेतून ओरिजिनल पेपर्स घेऊन घरी आलो, बायकोने फाइल देवापुढे ठेवून साखर ठेवली तेव्हा मला खरंच भरून आलं. आणि चौथ्या दिवशी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना मी मोबाईलवर बाणेरच्या थ्री बीएचकेचे रेट बघत होतो. तब्येत बरी आहे, आईबाबा जवळ आहेत, मग हे काय आहे? माणूस समाधानी होऊ शकतो का, की मुळात स्वभावच तसा लागतो? मनापासून विचारतोय.

टेकडीवरचा:
दादा, तुमचं काही चुकत नाहीये, सवय होते सगळ्याची. १९७८ साली अमेरिकेत ब्रिकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि दोन सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या २२ जणांना विचारलं होतं, तर ते इतरांपेक्षा फार सुखी नव्हते, उलट सकाळचा नाश्ता, मित्राशी गप्पा असल्या साध्या गोष्टींत त्यांना कमी मजा येत होती. पण त्याच अभ्यासात अपघाताने अपंगत्व आलेले २९ जण पण होते आणि ते मात्र इतरांपेक्षा कमी सुखी होते, हे लोक सांगायचं विसरतात. म्हणजे सुखाची सवय पटकन होते, दुःखाची तेवढी होत नाही.

कसब्यातली ताई:
शेवटचं वाक्य अगदी पटलं. मिस्टरांच्या आजारपणात दीड वर्ष आमच्यावर कर्ज होतं, तेव्हा कोणी समाधान मानावं म्हणालं की मला रडू यायचं, रात्री झोप नाही आणि सकाळी साडेचारला उठून डब्यांच्या १२० पोळ्या लाटायच्या. आधी पैशाची धास्ती जावी लागते, मग बाकीच्या गोष्टी.
आता कर्ज नाही. दुपारी तवा उतरवला की मी आणि सासूबाई वाड्याच्या पायरीवर बसतो, त्या मेथी निवडतात, मी चहा घेते, हाताला अजून पिठाचा वास असतो, आणि अर्धा तास आम्ही दोघी फारसं बोलतसुद्धा नाही. तो अर्धा तास मला कुणी लाख रुपये दिले तरी विकायचा नाहीये. आणि तरी मला मोठी शेगडी हवीये, हाताखाली एक बाई हवीये, त्यासाठी पैसे पण साठवतेय. हवंसं वाटणं म्हणजे असमाधान असं कोण म्हणालं तुम्हाला? थ्री बीएचके बघा की, फक्त त्यासाठी जवळचं काय द्यावं लागेल ते आधी मोजा.

पेन्शनर:
थोडा स्वभावही असतो हो. आमचे थोरले बंधू आयुष्यभर भाड्याने राहिले आणि कायम खुशीत, मी मात्र साधा रिझर्वेशनचा डबा मनासारखा मिळाला नाही तरी दिवसभर धुसफुसायचो. साठीनंतर बराच निवळलो, बायकोमुळे.

वाकडवाला:
ताई, तुमचं वाचून बराच वेळ गप्प बसलो. मोजलं. नवीन ईएमआय म्हणजे अजून १५ वर्षं, आणि बाबा आत्ता ७४ चे आहेत.
लहानपणी आम्ही दांडेकर पुलाजवळ एका खोलीत राहायचो, बाबा दर रविवारी पर्वतीवर न्यायचे, मी पळत पुढे आणि ते मागून पायऱ्या मोजत, १०३. या रविवारी त्यांना परत घेऊन गेलो. तीन ठिकाणी बसले, पण मोजणं सोडलं नाही.