चाळिशीनंतर नुसतं चालून भागतं का? कार्डिओ की वजनं?

खडूस_कोथरूडकर
आमच्या सोसायटीत निम्मी जनता पहाटे फेऱ्या मारते. पण त्यातले कितीतरी जण सोफ्यावरून उठताना हाताचा टेकू घेतात. माझं मत स्पष्ट आहे: चाळिशीनंतर वेळ कमी पडत असेल तर चालण्याला कात्री लावा, वजनं उचला. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात. साठीनंतर आणखी भराभर. रमतगमत चालून ही गळती थांबत नाही.

आपल्याकडे तर अंगकाठी बारीक आणि आत चरबी. पुण्याच्या केईएमचे डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. जेवणानंतरची साखर मुख्यतः स्नायूच उचलतात. गोदामच लहान असेल तर माल ठेवणार कुठे?

सह्यभटक
फोटो दाखवलात, त्याखालचं सांगायला विसरलात! त्याच लेखात आहे की युडकिन मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं. मग जिंकलं कोण, डंबेल की पळणं?

१९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास मांडला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा डबलडेकरचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. दंडात बेडकी काढणारी जिमची पोरं सिंहगडाच्या पहिल्या चढाला बसकण मारताना दर रविवारी दिसतात.

खडूस_कोथरूडकर
मॅरेथॉन पळणारा कुठे आणि मोबाईलवर बोलत फेऱ्या मारणारे आमचे काका कुठे! आणि दिवसभर जिने चढणं म्हणजे मांड्यांचंच काम की. कंडक्टर माझ्या खात्यात जमा करा. १९९० सालचा बोस्टनचा प्रयोगही वाचा. नव्वदीच्या आगेमागे असलेल्या, वृद्धाश्रमातल्या माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली. पायातली ताकद दुपटीच्याही वर गेली.

तालमीतला_गडी
भावांनो, शंभर बैठका न थांबता मारून बघा, मग सांगा तो कार्डिओ होता की वजनं. आमच्या कोल्हापुरात हा प्रश्न कुणाला पडत नाही. पण एक खरं, कुस्ती सुटली आणि खुराक तसाच राहिला की पैलवानाचं पोट सगळ्यात आधी सुटतं. तिथं जुनी ताकद कामाला येत नाही.

सह्यभटक
बघा, घरचा आहेर! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारा व्यायाम आहे. स्नायूंसाठी किमान दोन दिवस. झुकतं माप कुणाला, ते दिसतंय.

खडूस_कोथरूडकर
मिनिटं जास्त म्हणून महत्त्व जास्त, हा कुठला हिशोब? त्याच शिफारशीत पासष्टीपुढच्यांना तोल आणि ताकद यांचा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सांगितलाय. पडून खुब्याचं हाड मोडलं की १५० मिनिटं चालणार कोण?

माई_नाशिक
चालू द्या तुमचं. मी बासष्ट वर्षांची आहे, जिममध्ये जाणार नाही. फिजिओथेरपिस्टबाईंनी दिलेला व्यायाम करते: हात छातीशी घडी घालून खुर्चीतून उठायचं, पुन्हा हळू बसायचं. धप्पकन नाही. पहिल्या आठवड्यात पाचव्या वेळेला मांड्या थरथरायच्या. आता पूजेला खाली बसले की देव्हारा न धरता उठते. पण म्हणून काही चालणं सोडलेलं नाही, कारण साखर त्यानेच आटोक्यात राहते. जेवण झालं की पंधरा मिनिटं गच्चीवर.

आणि बीपीची गोळी चालू असणाऱ्यांनी वजन उचलताना श्वास कोंडून धरू नये, त्याने बीपी एकदम चढतं. उचलताना श्वास सोडायचा. इतकी भांडणं झाली, पण एवढं कुणी लिहिलं नाही!