१० मीटर रेंज: उजेडाचं गणित जमेना, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एका लांबट हॉलमध्ये एअर रायफल-पिस्तूलसाठी आठ लेनची रेंज बसवतोय, स्पर्धा घेता येईल अशी. फायरिंग लाइनपासून टार्गेटच्या दर्शनी भागापर्यंत १० मीटर, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर, प्रत्येक लेन १ मीटर रुंद. इथवर सगळं जमलं.

घोडं अडलंय उजेडापाशी. टार्गेटवर किमान १५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) हवा. एलईडी वाढवले, तर कागदी टार्गेट चकाकतं आणि पीप साइटमधून (रायफलवर नेम धरायचं बारीक छिद्र) काळ्या वर्तुळाची कड फुटल्यासारखी दिसते. दिवे वरून तिरके लावावेत की खालूनही? पुढे आडवी पट्टी लावून झाकावेत का?

शिवाय मागच्या लोखंडी पत्र्यावरून छरे उलटतात. पत्रा किती कलता ठेवलात? छऱ्यांच्या शिशाची धूळ उडते म्हणून झाडू मारणं बंदच केलंय.